साठीनंतरचा वर्ग : पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातून एका प्रश्नाचा आढावा

निवृत्त माणसांनी शिकत राहावं, याला तोंडावर नाही म्हणणारा कोणी भेटत नाही. मतभेद सुरू होतात ते पुढे. शिकायचं काय, कशासाठी, शिकवायचं कोणी आणि खर्च कोणाच्या खिशातून? गेल्या पन्नास वर्षांत जगभर यावर भरपूर लिहिलं गेलं. आपल्याकडे मात्र हा विषय समाजकल्याण, शिक्षण आणि कौशल्यविकास अशा तीन खात्यांच्या फायलींत तुकड्यातुकड्यांनी पडून आहे.

हा आढावा पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा समोर ठेवून घेण्याला कारण आहे. शेतकरी अमुक तारखेला निवृत्त होत नाही, किराणा दुकानदारही होत नाही. कारखान्यातला कायम कामगार होतो. इथे माणसांच्या पिढ्याच्या पिढ्या ठरावीक वयात, ठरावीक दिवशी गेटपास जमा करून बाहेर पडल्या. त्यामुळे निवृत्तीनंतर शिकण्याचा प्रश्न इथे जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच कुठे दिसेल.

पट्ट्याचं वय

पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि साठच्या दशकातच टेल्को, बजाज, एसकेएफ अशी नावं या परिसराच्या ओळखीची झाली. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. सातारा, सांगली, मराठवाडा, खानदेशातून आलेली आयटीआय झालेली पोरं आधी खोली करून राहिली. नंतर प्राधिकरणात, यमुनानगरात, संभाजीनगरात त्यांची घरं झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर गेली होती. चाकणचा जमाना नंतरचा. बजाजचा तिथला कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला आणि फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्रा २००९-१० च्या सुमारास आले.

म्हणजे एकाच पट्ट्यात दोन वयं नांदतात. पिंपरी-भोसरी-आकुर्डीची पहिली पिढी आज सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे आहे. चाकणची पहिली पिढी अजून शिफ्टला जाते.

पहिल्या पिढीची एक गोष्ट चर्चेत सहसा येत नाही. हा कामगार महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त शिकवल्या गेलेल्या माणसांपैकी आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तो कंपनीत आला. व्हर्नियरवर ०.०२ आणि मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटर वाचायला शिकला. ऐंशीच्या दशकात क्वालिटी सर्कलमध्ये, म्हणजे कामगारांच्या छोट्या गुणवत्ता-गटात, फळ्यासमोर उभा राहून आलेख काढायला शिकला. चाळिशीत लेथ सोडून सीएनसीवर बसला, मग कायझेन, फाइव्ह-एस, टीपीएम. केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ १९५८ पासून होतं. त्याच्या वर्गांत कामगारांमधूनच शिक्षक तयार केले जात. पस्तीस वर्षं दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी या माणसाला वर्गात बसवत होतं. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन तो घरी आला आणि दुसऱ्या दिवसापासून ते बंद झालं. ‘आजीवन शिक्षण’ हा शब्द त्याच्यासाठी नवा असेल, पण ती गोष्ट त्याने आधीच केलेली आहे. वादाच्या बहुतेक बाजू हे विसरून मांडल्या जातात.

कल्पना आली कुठून

युनेस्कोसाठी एडगर फोर यांच्या समितीने १९७२ मध्ये दिलेल्या अहवालाने आजीवन शिक्षणाला धोरणाच्या भाषेत आणलं. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या तुलूझ इथे पिएर वेलास यांनी ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ सुरू केलं. तिथे विद्यापीठाने निवृत्तांसाठी दारं उघडली आणि प्राध्यापकांनी शिकवलं. १९८१ च्या सुमारास केंब्रिजमध्ये पीटर लास्लेट आणि सहकाऱ्यांनी ती कल्पना उलटी केली. प्राध्यापक नको, परीक्षा नको, ज्याला जे येतं त्याने ते इतरांना शिकवावं. हे दोन नमुने आजही वादाची दोन टोकं आहेत. चीनने १९८३ मध्ये शानतुंग प्रांतात ज्येष्ठांचं पहिलं विद्यापीठ काढलं आणि पुढे सरकारी आधारावर त्यांचं मोठं जाळं विणलं. सिंगापूरने २०१५ पासून कौशल्यासाठी नागरिकांच्या नावावर थेट पैसे जमा करायला सुरुवात केली.

आपला रस्ता वेगळा होता, कारण आपल्यासमोर आधी निरक्षरता होती. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १९५९ मध्ये साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. १९७८ मध्ये राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान आलं. या दोन्ही राष्ट्रीय कार्यक्रमांचा रोख १५ ते ३५ वयोगटावर होता. त्यामागचा हिशेब समजण्यासारखा होता. पैसे थोडे, निरक्षर अफाट, म्हणून कमावत्या वयाला आधी. पण तीच सवय पुढे टिकली. २०१७ मध्ये ग्रामीण भागासाठी आलेल्या प्रधानमंत्री डिजिटल साक्षरता अभियानाची वयोमर्यादा १४ ते ६० होती. कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या आवृत्तीत ती १५ ते ५९ आहे. साठीनंतर मोबाइल हातात येतो, वर्ग मात्र येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रौढ आणि आजीवन शिक्षणासाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यानंतरच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाने पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांना, वरची मर्यादा न घालता, आत घेतलं. कागदावर हा मोठाच फरक आहे.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर दार फार आधीच उघडलं होतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये राम ताकवले यांच्या कुलगुरुपदाखाली सुरू झालं, तेव्हाच त्याने वयाचा प्रश्न निकालात काढला. कारखान्यात असताना राहून गेलेली पदवी निवृत्तीनंतर पुरी करणारी माणसं याच दाराने गेली. आणि ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर यांनी सुरू केलेली आजीबाईंची शाळा आहेच. गुलाबी नऊवारी नेसून पाटी घेऊन निघालेल्या आज्यांची छायाचित्रं जगभर गेली. त्या शाळेबद्दल कौतुकाने खूप बोललं गेलं. तसे वर्ग गावोगाव का निघाले नाहीत, याबद्दल कमी बोललं गेलं.

कमाईसाठी शिकणं

पहिली बाजू व्यवहाराची. ही मंडळी म्हणतात, निवृत्ताला भजनवर्गाआधी चार पैसे हवेत. कर्मचारी पेन्शन योजनेचं गणित पाहिलं की त्यांचं म्हणणं पटतं. १९९५ च्या या योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. पेन्शनसाठी धरला जाणारा कमाल पगार १५,००० रुपये. त्यावर ३५ वर्षं नोकरी झाली तरी हाती येतात साडेसात हजारांच्या आसपास. जुन्या, कमी मर्यादेच्या काळात निवृत्त झालेल्यांना त्याहून कमी. ज्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, ज्यांच्या कंपनीत पगार थकण्याचे दिवस आले, किंवा २००७ मध्ये बजाजचं आकुर्डीतलं उत्पादन थांबलं तेव्हा जे मधल्या वयात होते, त्यांच्यासाठी ‘निवृत्तीनंतरचं शिक्षण’ पन्नाशीच्या आतच सुरू झालं, तेही नाइलाजाने.

या बाजूचा उपाय असा : टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेल्या फिटरला भोसरीच्या लघुउद्योगात किंवा आयटीआयमध्ये शिकवायला घ्या, त्यासाठी शिकवण्याचं छोटं प्रशिक्षण द्या. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०२१ पासून साठीपुढच्यांना रोजगार जोडून देणारं पोर्टलही काढलं आहे. आक्षेप दोन दिशांनी येतात. विजेवरच्या गाड्यांमुळे इंजिन आणि गिअरबॉक्सचं जुनं ज्ञान किती वर्षं पुरेल, हा एक. तरुण बेकार असताना ज्येष्ठांना पुन्हा कामावर कशाला, हा दुसरा. पहिल्या आक्षेपाला थोडं उत्तर आहे. मोजमाप, फिटिंग, जिग-फिक्श्चर, बिघाड शोधण्याची नजर हे इंजिनाबरोबर जुनं होत नाही. दुसऱ्याचं समाधानकारक उत्तर कोणाकडे नाही.

मेंदूसाठी शिकणं

दुसरी बाजू डॉक्टरांची. भारतातल्या ज्येष्ठांच्या मोठ्या पाहणीवर आधारलेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. स्त्रियांत आणि कमी शिकलेल्यांत प्रमाण अधिक. यावरून ‘शिकत राहा, स्मृतिभ्रंश टाळा’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो, पण इथे जपून पाऊल टाकायला हवं. लहानपणच्या शिक्षणाचा फायदा बऱ्यापैकी सिद्ध आहे. सत्तरीत सुरू केलेल्या वर्गाचा तेवढा नाही.

प्रयोग काय सांगतात? अमेरिकेत २,८३२ ज्येष्ठांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले : ज्याचा सराव दिला त्यातच सुधारणा झाली, इतर गोष्टींत ती फारशी उतरली नाही. २०१४ मध्ये डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी साठीपुढच्यांना तीन महिने, आठवड्याला पंधरा-सोळा तास डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीसारखं क्विल्ट शिवणं शिकवलं. नुसत्या गप्पा-सहलींच्या गटापेक्षा या लोकांची स्मरणशक्ती सुधारली. या दोन्हींवरून माझं मत असं की मोबाइलवरच्या ‘मेंदूच्या खेळां’वर पैसे घालवण्यात अर्थ नाही. नवं, अवघड आणि हाताने करायचं काहीतरी नेटाने शिकण्यात आहे. पण आठवड्याचे पंधरा तास म्हणजे जवळपास अर्धी नोकरीच. विरंगुळा केंद्रातल्या महिन्यातून एकदा होणाऱ्या व्याख्यानाला या प्रयोगाचं प्रमाणपत्र चिकटवता येत नाही.

आनंदासाठी शिकणं

तिसरी बाजू म्हणते, प्रत्येक गोष्टीचा उपयोग कशाला विचारता? या बाजूला पट्ट्यात भक्कम जमीन आहे. महापालिकेच्या जागांमध्ये चालणारी विरंगुळा केंद्रं, वस्तीवस्तीतले ज्येष्ठ नागरिक संघ, त्यांचं राज्यभरचं संघटन ‘फेस्कॉम’, चिंचवडच्या व्याख्यानमाला, हौशी नाट्यमंडळी. २०१६ च्या जानेवारीत ८९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीत भरलं, ते या वाचक-श्रोत्यांच्या जिवावर.

पण मला इथली सर्वांत जुनी आणि सर्वांत दुर्लक्षित शाळा वेगळी वाटते. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. आळंदीत विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली. ती तरुण विद्यार्थ्यांसाठी होती, पण तिथून निघालेल्या कीर्तनकार-मृदंगवादकांनी गावागावात आणि कामगारवस्तीत भजनी मंडळं उभी केली. निवृत्तीनंतर पखवाजाचे बोल घोकणारा, हरिपाठाच्या चाली बसवणारा, ज्ञानेश्वरीच्या पारायणात अर्थ विचारणारा माणूस रोज दोन तास, गुरूसमोर, चुका दुरुस्त करत शिकत असतो. तिथे फी नगण्य, वयाची अट नाही, प्रमाणपत्र नाही. सरकारी पाहणीत हे शिकणं ‘धार्मिक कार्य’ या रकान्यात जातं. पार्क यांच्या कसोट्या लावल्या तर नवं, अवघड, नेटाचं आणि हाताचं, हे सगळं त्यात बसतं. मात्र या वर्तुळाबाहेरच्यांना, वेगळ्या श्रद्धेच्या किंवा श्रद्धा नसलेल्यांना, तिथे जागा नाही, हेही तितकंच खरं.

गरज म्हणून शिकणं

या तिन्ही बाजूंच्या वादात चौथी गोष्ट न विचारता घुसली, ती म्हणजे फोन. हयातीचा दाखला २०१४ पासून डिजिटल झाला, पुढे चेहरा दाखवून देता येऊ लागला. २०१६ पासून यूपीआय आलं. बँक, गॅस, रेल्वे सगळं ॲपवर गेलं. त्याबरोबर ‘वीजबिल थकलंय, आज रात्री पुरवठा तोडू’ असे संदेश आणि ‘डिजिटल अटके’च्या धमक्याही आल्या. आयुष्याची ग्रॅच्युइटी एका ओटीपीत जाऊ शकते.

घरचं शिकवणं कसं चालतं ते ज्याच्या-त्याच्या ओळखीचं आहे. नातू फोन हातातून घेतो, तीनदा बोट फिरवतो आणि ‘झालं आजोबा’ म्हणून परत देतो. काम होतं, शिकणं होत नाही. वास्तविक या आजोबांना शिकवण्याची रीत त्यांच्याच कारखान्यात तयार होती. प्रत्येक मशीनवर कामाच्या पायऱ्यांचा तक्ता लावलेला असे : पायरीचा क्रमांक, काय करायचं, झाल्याची खात्री कशी करायची. तसाच तक्ता पैसे पाठवण्यासाठी वहीत लिहून दिला, तर तो त्यांना वाचायला नव्याने शिकावं लागत नाही. चूक होऊच नये अशी रचना, म्हणजे पोका-योके, हेही त्यांनी केलेलं आहे. ‘अनोळखी लिंक आली की थांबा, घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवा’ हा नियम त्याच भाषेत सांगता येतो. प्रौढ माणूस आपल्या अनुभवाच्या आधारावर शिकतो, हे माल्कम नोल्स यांनी सिद्धांत म्हणून मांडलं. बहुतेक डिजिटल वर्ग मात्र ज्येष्ठांना बालवर्गासारखे शिकवतात, बहुतेक ॲप इंग्रजीतून बोलतात आणि लोक दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

शंका घेणारे

समाजशास्त्रज्ञांचा एक गट या सगळ्या उत्साहाकडेच संशयाने पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ‘सक्रिय वार्धक्य’ ही कल्पना पुढे आणली, त्याआधी रोव आणि कान यांनी ‘यशस्वी वार्धक्य’ मांडलं होतं. स्टीफन कॅट्झ यांच्यासारखे टीकाकार विचारतात, म्हातारपणातही सतत कामात राहणं हीच चांगल्या माणसाची खूण का ठरावी? पस्तीस वर्षं तीन पाळ्यांत झोपमोड केलेल्या माणसाने दुपारी पारावर बसून पत्ते खेळले, तर त्याला कोणी ‘निष्क्रिय’ का म्हणावं? हा प्रश्न मला रास्त वाटतो. त्याचं उत्तर एवढंच की शिकण्याची सक्ती आणि शिकण्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज तरी सक्तीचा धोका दूरचा आहे, सोयीची वानवा जवळची.

कोण बाहेर राहतं

‘निवृत्त’ म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुष येतो. त्याची बायको कधीच निवृत्त होत नाही. आधी डबा, मग सुनेची शिफ्ट, मग नातवंडांची शाळा. २०११ च्या जनगणनेत देशातल्या साठीपुढच्या पुरुषांत साक्षरता ५९ टक्के होती, स्त्रियांत २८. फांगण्याची शाळा स्त्रियांची आहे, यात नवल काही नाही. विरंगुळा केंद्रातल्या बाकांवर मात्र बहुधा पुरुषच दिसतात. दुपारी दोन ते चार, नातवंडं झोपलेली असताना, घराजवळ चालणारा वर्ग हा बायकांसाठी खरा वर्ग. संध्याकाळी सहाचं व्याख्यान त्यांच्यासाठी नाहीच.

दुसरे बाहेरचे म्हणजे गावी परतलेले. घर भाड्याने देऊन किंवा मुलावर सोपवून गावाकडे गेलेला कामगार शहराच्या हिशेबातून निघतो आणि गावाच्या हिशेबात कधीच नसतो.

तिसरे कंत्राटी. चाकणच्या शॉप फ्लोअरवर कायम कामगारांच्या बरोबरीने काम करणाऱ्या कंत्राटी आणि ट्रेनी मुलांना निवृत्तीची तारीखच नाही. नोकरी सात-अकरा महिन्यांची, कंपन्या बदलत्या, प्रशिक्षण जेवढ्यास तेवढं. पहिल्या पिढीला कंपनीने जे पस्तीस वर्षं शिकवलं, ते यांना कोणी शिकवणार नाही. मग साठीला त्यांच्यापाशी जोडण्याजोगं जुनं काय असेल?

अजून न सुटलेलं

पुराव्याचा प्रश्न पहिला. वर उल्लेखलेले शिकवण्याचे प्रयोग परदेशातले, शिकलेल्या आणि बऱ्यापैकी खाऊन-पिऊन सुखी लोकांवरचे आहेत. रात्रपाळी, यंत्रांच्या आवाजाने कमी झालेलं ऐकू येणं, गुडघे, मधुमेह घेऊन निवृत्त झालेल्या कामगारावर काय लागू पडतं, हे इथेच तपासावं लागेल. तुलूझ की केंब्रिज, म्हणजे विद्यापीठाने शिकवायचं की एकमेकांनी, हाही वाद उघडाच आहे. या पट्ट्यात एकमेकांनी शिकवण्याची सवय क्वालिटी सर्कलने लावलेली असल्यामुळे माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण तब्येतीचा, कायद्याचा आणि पैशांचा विषय तज्ज्ञाशिवाय शिकवू नये, इतपत पहिली बाजू बरोबर आहे. प्रमाणपत्र द्यावं का, यावर एकमत नाही. नोकरी हवी असलेल्याला ते लागतं, बाकीच्यांना परीक्षेच्या नावानेच धसका बसतो.

सगळ्यांत अवघड प्रश्न खर्चाचा. राज्याच्या ज्येष्ठ नागरिक धोरणाने २०१८ मध्ये ज्येष्ठत्वाचं वय ६५ वरून ६० वर आणलं, पण शिकण्यासाठी वेगळी तरतूद कोणाच्या अंदाजपत्रकात ठळकपणे दिसत नाही. कंपन्यांचं काय? २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सामाजिक खर्चाच्या यादीत ज्येष्ठांसाठीच्या दिवसभराच्या केंद्रांचा उल्लेख आहे. शिक्षण आणि रोजगारक्षम कौशल्यांच्या कलमात तर मुलं, स्त्रिया आणि अपंगांबरोबर वृद्धांचंही नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे कायद्याची अडचण नाही. निवृत्तीपूर्व प्रशिक्षण जिथे होतं, तिथेही ते फंड, गुंतवणूक आणि रक्तदाब यांवर आटोपतं. निवृत्तीच्या दोन-तीन वर्षं आधीपासून, नोकरीत असतानाच, शिकवण्याची आणि शिकण्याची पुढची सोय लावून देणं हा या आढाव्यात दिसलेला सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यासाठी नवं विद्यापीठ लागत नाही, कंपनीची ट्रेनिंग रूम आणि रविवार पुरतो.

वेळ किती आहे, तेही मोजता येतं. चाकणचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला तेव्हा बाविसाव्या वर्षी कामाला लागलेला मुलगा २०३५ मध्ये ५८ वर्षांचा होईल.